दारू सोडवायला मेंदूवर चुंबक? समजून घ्या ‘टीएमएस’

‘टीएमएस’मध्ये डोक्यावर कॉइल धरून मेंदूच्या ठरावीक भागाला चुंबकीय स्पंदने देतात. भूल नाही, चिरफाड नाही. आवेगावर ताबा ठेवणाऱ्या भागाला चालना देणे, हा हेतू.

रांचीच्या केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेचा ४५ रुग्णांवरचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. दहा सत्रांनंतर खरा उपचार मिळालेल्यांची तलफ नकली उपचारवाल्यांपेक्षा कमी झाली. पण तलफ कमी होणे म्हणजे दारू सुटणे नव्हे. औषधे, समुपदेशन लागतेच. अमेरिकेत नैराश्यासाठी २००८ मध्ये, धूम्रपान सोडण्यासाठी २०२० मध्ये मान्यता मिळाली, दारूसाठी नाही.

कोल्हापूरकरांनो, रोज पिणाऱ्याची दारू घरीच एकदम तोडू नका; फिट येऊन जिवावर बेतू शकते. आधी सीपीआर रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा किंवा ‘टेलिमानस’ला १४४१६ वर फोन करा.