पोरगं टोळीत कसं ओढलं जातं? धोक्याची कारणं, कायदा आणि घरच्यांनी काय करायचं

नाशिक : दहावी-बारावी झाली की तालुक्यातली बरीच पोरं कॉलेजला किंवा कंपनीत कामाला नाशिकला जातात. सातपूर, अंबड, सिडको भागात चार-पाच जण मिळून रूम घेतात. बहुतेक पोरं नीट कमावतात, शिकतात. काही मात्र एखाद्या ‘भाई’च्या नादी लागतात आणि घरी कळतं ते थेट पोलिसांच्या फोनवरून. ‘पोरगं मुळातच वाया गेलेलं होतं’ असं गाव म्हणतं. पण खरं कारण एवढं सोपं नसतं.

एक कारण नाही, कारणांची बेरीज
अमेरिकेतील सिएटल शहरात ८०८ मुलांचा लहानपणापासून अनेक वर्षं अभ्यास केला गेला. ज्या मुलांच्या बाबतीत १० ते १२ वर्षांच्या वयात सात किंवा जास्त धोक्याची कारणं एकत्र होती, ती टोळीत जाण्याची शक्यता शून्य किंवा एकच कारण असलेल्या मुलांच्या १३ पट निघाली. म्हणजे नुसत्या गरिबीने किंवा नुसत्या वाईट संगतीने पोरगं टोळीत जात नाही. एकावर एक कारणं साचत जातात. त्यातली दोन-तीन जरी कमी झाली, तरी धोका कमी होतो.

ही कारणं कोणती?
• घर : रोजची भांडणं, बापाचं व्यसन, मारहाण. पोरगं कुठं जातं, कोणाबरोबर असतं याची विचारपूस नाही. घरातलंच कोणी गुन्ह्यात असेल तर धोका आणखी वाढतो.
• शाळा : नापास होणं, सततची गैरहजेरी, मध्येच शाळा सुटणं. वर्गात किंमत नसलेल्या पोराला टोळीत किंमत मिळते.
• संगत : सर्वांत जवळचं कारण हेच. सुरुवात फुकटच्या पार्टीने, गाडीवर फिरवण्याने होते. मग ‘भावासाठी एवढं कर’ असं म्हणून काम सांगितलं जातं.
• परिसर : हत्यार आणि नशा सहज मिळणं, दादागिरी करणाऱ्याचे चौकात फ्लेक्स लागणं. तलवारीने केक कापणारा लहान पोरांना हिरो वाटतो.
• नशा : मालेगावात ‘कुत्ता गोळी’ पोरांपर्यंत पोहोचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातला एमडी ड्रग्जचा कारखाना उघडकीस आणला. नशेची उधारी झाली की ती फेडायला पोरगं सांगेल ते काम करतं.
• रिकामेपण : हाताला काम नाही, खिशात पैसा नाही आणि रात्रभर मोबाईलवर कोयत्याच्या रील्स.

अठराच्या आतली पोरं का धरतात?
‘तू लहान आहेस, तुला काही होत नाही’ असं सांगून अल्पवयीन मुलांना पुढे केलं जातं. हे अर्धसत्य आहे. अठरा वर्षांखालील मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. गुन्हा अतिगंभीर असेल आणि वय १६ ते १८ असेल, तर मंडळाने तपासणी केल्यावर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो.

मुलाला गुन्ह्यासाठी वापरणाऱ्यालाही कायदा सोडत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ नुसार त्याला किमान ३ आणि कमाल १० वर्षे कैद होऊ शकते. त्यामुळे कोणी पोराला असं वापरत असेल, तर घरच्यांनी गप्प न बसता तक्रार करावी.

अठरा पूर्ण झाल्यावर
कोयता किंवा तलवार घेऊन रील टाकली तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. पुढे तडीपारी होते, म्हणजे दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर राहावं लागू शकतं. टोळीवर ‘मोक्का’ लागला तर टोळीच्या सदस्याला किमान ५ वर्षे शिक्षा आहे आणि जामीन मिळणं फार अवघड होतं. पोलीस भरती, सैन्य भरती, पासपोर्ट, कंपनीतली चारित्र्य पडताळणी, सगळीकडे हा गुन्हा आडवा येतो. वकील आणि तारखांपायी घरची जमीन विकायची वेळ येते ती वेगळीच.

खुणा ओळखा
कमाई नसताना महागडा मोबाईल, नवी गाडी. जुने मित्र अचानक तुटणं. रात्री-अपरात्री फोन आला की लगेच बाहेर पडणं. अंगावर जखमा आणि विचारलं की चिडणं. यातली एकच खूण दिसली म्हणून पोरावर आळ घेऊ नये, पण तीन-चार एकत्र दिसल्या तर थांबू नये.

घरच्यांनी काय करावं?
• पोराला घरातून हाकलू नये. घराचं दार बंद झालं की टोळीच त्याचं घर होते.
• रूमवर न सांगता जाऊन यावं, रूममालक आणि सोबतच्या पोरांचे नंबर ठेवावेत.
• शाळा सुटली असेल तर आयटीआय किंवा मुक्त विद्यापीठाचा रस्ता दाखवावा.
• काही दिवस मामा, काका किंवा आत्याच्या गावी ठेवल्यानेही संगत तुटते.
• मुलांसाठी मदत १०९८, व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, तातडीने पोलीस हवे असतील तर ११२.

परतीची वाट आहे
सिएटलच्या त्याच अभ्यासात टोळीत गेलेल्या दहापैकी जवळपास सात मुलं वर्षभरात बाहेर पडली होती. प्रश्न एवढाच, की त्या एका वर्षात हातून काय घडतं. अल्पवयीन असताना बाल न्याय कायद्याखाली प्रकरण निकाली निघालं असेल, तर त्यामुळे पुढे नोकरी-शिक्षणासाठी मुलगा अपात्र ठरत नाही. प्रौढासारखा खटला चालून दोषी ठरलेल्यांना मात्र ही सवलत नाही. म्हणून पोरगं पहिल्यांदा चुकलं तेव्हाच घर, शाळा आणि गावाने त्याला धरून ठेवणं गरजेचं आहे.