सुट्टी कधी? हार्ट फेल्युअर आणि दवाखान्यातले दिवस

१/ वॉर्डात नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘सुट्टी कधी होईल?’ हार्ट फेल्युअरच्या रुग्णाबाबत गेल्या शंभर वर्षांत याचे उत्तर कित्येक आठवड्यांवरून काही दिवसांवर आले. ते एकट्या हृदयाने ठरवलेले नाही. भंडारा जिल्ह्यातील लाखांदूरचा धान उत्पादक शेतकरी खाटेवर असेल, तर त्याच्या उत्तरामागे व्हिएन्ना, बॉस्टन आणि मुंबईचे मंत्रालयही उभे असते. आजचा धागा त्याविषयी.

२/ या विकारात हृदय बंद पडत नाही. त्याचा जोर ओसरतो. मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात, पाय सुजतात, फुप्फुसांत पाणी साचते, आडवे झाले की दम लागतो. म्हणून मुक्काम म्हणजे, ढोबळ मानाने, पाणी उतरण्याचा काळ. विल्यम विदरिंगने १७८५ मध्ये डिजिटॅलिसचे अनुभव ग्रंथरूपाने मांडले, तरी पुढची शतकभर मोठा भर विश्रांतीवरच राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या रेजिनाल्ड साउदीने सुजलेल्या पायांत बारीक नळ्या टोचून पाणी ठिबकू देण्याची रीत रूढ केली. रुग्णाने ते कसे सोसले असेल!

३/ व्हिएन्ना, १९१९. आल्फ्रेड फोग्ल हा वैद्यकाचा विद्यार्थी सिफिलिस झालेल्या एका मुलीला पाऱ्याचे औषध टोचत होता. परिचारिकांनी नेमाने ठेवलेल्या तक्त्यात दिसले, की इंजेक्शनच्या दिवशी लघवीचे प्रमाण एकाएकी वाढते. मग तेच औषध हृदयविकाराने सुजलेल्या रुग्णावर वापरले गेले आणि अंगातले पाणी लिटरांनी बाहेर पडले. मला या कथेत फोग्लइतकाच तो तक्ता मोठा वाटतो. पुढे तीन-चार दशके पाऱ्याची इंजेक्शने हाच मुख्य उपाय होता. मात्र इंजेक्शन म्हटले की टोचणारा हवा, म्हणजे दवाखाना सुटत नव्हता.

४/ १९४४ मध्ये बॉस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइनने विश्रांतीवरच बोट ठेवले. सतत आडवे ठेवल्याने पायांतले पाणी फुप्फुसांकडे सरकते, शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. रुग्णाला खुर्चीत बसवा, असे त्याचे म्हणणे. आठवडेच्या आठवडे पलंगाला खिळवण्याची प्रथा हळूहळू ढासळली.

५/ १९५०च्या दशकाअखेर क्लोरोथायाझाइडची गोळी आली आणि १९६०च्या दशकात फ्युरोसेमाइड. आपल्याकडे घरोघर ‘लॅसिक्स’. पाणी उतरवण्याचे काम प्रथमच रुग्णाच्या खिशात मावू लागले. मुक्काम आखूड होण्यामागचे सर्वांत मोठे कारण, माझ्या मते, हेच.

६/ यानंतर दिवस मोजू लागला तो हिशेबनीस. १९८३ पासून अमेरिकेच्या मेडिकेअरने दिवसांऐवजी आजारानुसार ठरीव रक्कम देण्यास सुरुवात केली. जास्त ठेवण्यात रुग्णालयाचा तोटा, म्हणून सुट्टी लवकर. रुग्ण परत परत भरती होऊ लागले, तेव्हा २०१२ पासून त्यासाठीही दंड आला. महाराष्ट्राची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनाही ठरीव दराच्या पॅकेजांवर उभी राहिली. जुलै २०१२ च्या पहिल्या आठ जिल्ह्यांत विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती होते, भंडारा नव्हता. तो नोव्हेंबर २०१३ मध्ये, योजना राज्यभर झाली तेव्हा आला.

७/ रोग एकच, पण मुक्काम पाहा. अमेरिकेच्या मोठ्या नोंदपाहणीत मध्यक सुमारे ४ दिवस, जपानच्या पाहणीत सुमारे २१. जपानी हृदय पाचपट दुबळे नसते; तिथे रुग्णालयातच पुनर्वसन करून घरी पाठवण्याची रीत आहे. केरळमध्ये २०१३ साली त्रिवेंद्रम नोंदवहीत १,२०५ रुग्ण नोंदले गेले. मध्यक ६ दिवस. पण मार्गदर्शक तत्त्वांनुसार पूर्ण औषधे घेऊन घरी गेलेले जेमतेम चौथा हिस्सा.

८/ आता पुन्हा लाखांदूर. मूत्रपिंडे थकलेली असतील तर पाणी जपून काढावे लागते, दिवस वाढतात. पूर्व विदर्भात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. तीव्र रक्तक्षयाने हृदय थकले असेल, तर रक्त मिळेपर्यंत थांबणे आले, आणि तेही सावकाश चढवावे लागते. रोवणीच्या दिवसांत खाटेपाशी बसायला घरात माणूस उरत नाही, तेव्हा नातेवाइकांनीच सुट्टी मागितली तर नवल नाही. आणि भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवरच्या नागपूरला रेफर केले, तर कागदावर एका आजारपणाचे दोन मुक्काम होतात : दोन दिवस इथले, चार तिथले. सरासरी काढणाऱ्याला दोन्ही छोटेच दिसतात.