मोरे, विजय

बेळगावचे माजी महापौर, महाराष्ट्र एकीकरण समितीचे कार्यकर्ते आणि ‘शांताई’ वृद्धाश्रमाचे एक संस्थापक. महाराष्ट्रात त्यांचे नाव पोहोचले ते नोव्हेंबर 2005 मध्ये, बेंगळुरूत त्यांच्या तोंडाला काळे फासले गेले तेव्हा. बेळगावकरांना त्यांची ओळख पटायला मात्र तेवढे एकच निमित्त नाही.

कर्नाटकात महापौर थेट मतदानाने निवडला जात नाही. नगरसेवक आपल्यातूनच एकाला निवडतात, तेही वर्षभरासाठी. रोजचा कारभार सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती. म्हणजे मान मोठा आणि अधिकार बेताचे. बेळगावात या पदाला वेगळे वजन आले ते सीमाप्रश्नामुळे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हा भाग मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्याला जोडला गेला, तेव्हापासून समिती तो दिवस काळा दिन म्हणून पाळते. बेंगळुरूच्या विधानसौधात समितीचा आवाज कायम अल्पमताचा. महापालिकेत मात्र तिची अनेक वर्षे सत्ता होती. साहजिकच पाणी, गटारे आणि दिवाबत्ती यांची चर्चा व्हायची त्याच सभागृहात राज्याच्या सीमेचाही विषय निघे.

27 ऑक्टोबर 2005 रोजी तो निघाला आणि तडीसही गेला. महापालिकेने बेळगावसह मराठीबहुल सीमाभाग महाराष्ट्रात विलीन करावा, असा ठराव संमत केला. महापौर होते मोरे. काटेकोर कायद्याने पाहिले तर या ठरावाने सीमा बोटभरही हलणार नव्हती, कारण राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार तो अधिकार संसदेचा. शिवाय महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात होताच. तरीही कर्नाटक सरकारने ठराव तातडीने रद्द केला आणि महापौरांना कारणे दाखवा नोटीस पाठवली. महापालिकेने आपल्या कक्षेबाहेर जाऊन ठराव केला, अशी सरकारची भूमिका होती. जनतेच्या भावना मांडायच्या तर लोकांनी निवडलेल्या सभागृहातच मांडणार, हे समितीचे म्हणणे.

11 नोव्हेंबरला मोरे बेंगळुरूत असताना कर्नाटक रक्षण वेदिकेच्या कार्यकर्त्यांनी त्यांना गाठले, धक्काबुक्की केली आणि चेहऱ्याला काळा रंग फासला. टी. ए. नारायण गौडा यांची ही कन्नडवादी संघटना तोवर सीमाभागातही चांगलीच परिचित झाली होती. राजधानीच्या शहरात, दिवसाढवळ्या, एका महानगराच्या प्रथम नागरिकावर हा प्रसंग आला. महाराष्ट्रात त्याचे संतप्त पडसाद उमटले. त्या वेळी कर्नाटकात धरमसिंग आणि महाराष्ट्रात विलासराव देशमुख असे दोघेही मुख्यमंत्री काँग्रेसचेच होते. सीमाप्रश्नापुढे पक्ष एक असण्याला फारसा अर्थ उरत नाही, याचा हा आणखी एक दाखला.

त्याच महिन्यात कर्नाटक सरकारने महानगरपालिका अधिनियम, 1976 चा आधार घेऊन बेळगाव महापालिकाच बरखास्त केली. ज्याच्या तोंडाला काळे फासले, पदही त्याचेच गेले. समितीच्या लेखी हा लोकशाहीचा खून होता.

कर्नाटकाने बेळगाववरचा आपला दावा पुढेही ठसवला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2006 मध्ये, राज्याच्या विधिमंडळाचे अधिवेशन प्रथमच बेळगावात भरले. मुख्यमंत्री होते एच. डी. कुमारस्वामी. 2012 मध्ये तिथे सुवर्ण विधानसौध उभे राहिले. त्याआधी 2011 मध्ये काळ्या दिनाच्या फेरीत महापौर मंदा बाळेकुंद्री सहभागी झाल्या आणि महापालिका पुन्हा बरखास्त झाली. महापालिकेची 2021 ची निवडणूक पक्षचिन्हांवर लढवली गेली. 58 पैकी 35 जागा जिंकून भाजपने महापालिकेची सत्ता घेतली. मोरे यांच्या वेळचे सभागृह तोवर पार बदलले होते.

मोरे यांचे सार्वजनिक काम महापौरपदाबरोबर थांबले नाही. बेळगावजवळच्या बामणवाडीतील ‘शांताई’त घरच्यांचा आधार नसलेल्या वृद्धांची सोय केली जाते. तिथे वाढदिवस साजरे करायला शहरातली कुटुंबेही येतात. ‘शांताई विद्या आधार’ या उपक्रमात घराघरांतून जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी गोळा केली जाते आणि ती विकून आलेल्या पैशातून गरजू मुलांच्या शाळा-कॉलेजची फी भरली जाते.