बर्फ वितळला, पुढे काय?

शून्य अंशाला पाणी गोठते, असे आपण वर्गात शिकवतो. मात्र ढगांतले बारीक थेंब शून्याखाली दहा-पंधरा अंशांवरही द्रवरूप राहू शकतात. अशा अतिशीत थेंबांवर विमानाचा पंख आदळला, की ते तेथेच गोठतात आणि पंखाच्या पुढच्या कडेवर बर्फाचा खडबडीत थर चढतो. या थराच्या वजनापेक्षा त्याच्या आकाराचा धोका मोठा असतो. पंखावरून नीट वाहणारी हवा विस्कटते, विमानाला उचलून धरणारे बल घटते आणि हवेचा विरोध वाढतो.

१९२०च्या दशकात अमेरिकेत टपाल नेणाऱ्या वैमानिकांना या संकटाचा वारंवार सामना करावा लागला. १९३०च्या सुमारास विल्यम गीर या रबरतज्ज्ञाने पंखाच्या कडेवर रबरी आवरण बसवून पाहिले. त्यात हवा भरली की ते फुगे आणि वरचा बर्फ तडकून उडून जाई. विमान कंपन्यांनी हा उपाय स्वीकारला. पण त्यासाठी बर्फ आधी साठू द्यावा लागे.

बर्फ धरूच नये असे वाटत असेल, तर उष्णता हवी. ती आणायची कोठून? इंजिनाच्या धुराबरोबर ती भरपूर वाया जातच होती! एन. ए. सी. ए. या अमेरिकी शासकीय संस्थेतील (हिचेच १९५८ मध्ये 'नासा'त रूपांतर झाले) थिओडोरसन आणि क्ले यांनी १९३१ साली दाखवून दिले, की पंखाचा फक्त पुढचा भाग तापवला तरी काम भागते आणि ही वाया जाणारी उष्णता त्याला पुरते.

पुढे त्याच संस्थेतील लुईस रॉडर्ट यांनी हा प्रश्न अनेक वर्षे लावून धरला. धुराच्या उष्णतेवर हवा तापवायची आणि ती पंखाच्या कडेतील पोकळीतून खेळवायची, अशी त्यांची योजना होती. तशी सोय केलेले लॉकहीड विमान मुद्दाम बर्फाळ ढगांत नेऊन चाचण्या झाल्या. या कामाबद्दल रॉडर्ट यांना १९४६ची कॉलियर ट्रॉफी मिळाली. आजही अनेक जेट विमानांत इंजिनाच्या संपीडकातून काढलेली गरम हवा पंखाच्या कडेत सोडतात.

आम्हाला या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो तो वितळलेल्या पाण्याचा. १ ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी उष्णता लागते. त्या पाण्याची वाफ करायला मात्र याच्या सुमारे सातपट उष्णता हवी. तेवढी मिळाली नाही, तर पाणी मागे ओघळते आणि थंड भागावर पुन्हा गोठते.

१३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत होता. एअर फ्लोरिडाचे बोइंग ७३७ विमान उड्डाणासाठी थांबले होते. इंजिनात बर्फ धरू नये म्हणून असलेली गरम हवेची यंत्रणा वैमानिकांनी चालू केली नव्हती. उलट, पुढच्या विमानाच्या गरम झोताने आपल्या पंखांवरचा बर्फ जाईल, या आशेने ते त्याच्या मागे जवळ उभे राहिले. उड्डाणानंतर काही क्षणांतच विमान पुलावर आदळून पोटोमॅक नदीत कोसळले. ७८ माणसे मृत्युमुखी पडली. इंजिनातील दाब मोजणारी नळी बर्फाने बुजल्यामुळे प्रत्यक्षापेक्षा जास्त जोर दाखवला जात होता. पंखांच्या कडांवर बर्फ चिकटण्यास आणि त्या नळ्या बुजण्यास पुढच्या विमानाचा झोतही कारणीभूत ठरला असावा, असे चौकशीत नोंदवले गेले.

हे वर्गातही करून पाहता येईल. पत्र्याची एक पट्टी तिरपी ठेवा आणि तिचे खालचे टोक बर्फ व मिठाच्या मिश्रणावर टेकवा. थोड्या वेळाने वरच्या टोकावर बर्फाचा चुरा ठेवून त्यावर केस वाळवण्याच्या यंत्राचा गरम झोत सोडा. पाणी खाली ओघळून कोठे गोठते ते पाहा. मग विद्यार्थ्यांना विचारा: ते गोठू नये म्हणून गरम हवा नेमकी कोठे आणि किती वेळ सोडावी लागेल?