बाग, कारखाना आणि पाण्याचं माप

ओझरचा इतिहास सांगताना बहुतेक जण मिग विमानांच्या कारखान्यापासून सुरुवात करतात. गावाच्या नावापुढे ‘मिग’ लिहायची सवयच लागली आहे, त्यामुळे ते साहजिक आहे. पण गावाचं नशीब फिरलं ते त्याच्या कितीतरी आधी. 1925 साली रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी ओझरच्या शिवारात द्राक्षं लावली. आज निफाड आणि दिंडोरी तालुके ज्या पिकावर उभे आहेत, त्याची नाशिक भागातली सुरुवात तिथपासून धरतात.

माझे वडील बागाईतदार आणि मी कारखान्यात फिटर, त्यामुळे गावाच्या दोन्ही अंगांशी माझं नातं आहे. वडिलांच्या काळात भोकरी जातीची द्राक्षं असायची, मग अनाबेशाही आली, पुढे थॉमसन. आमच्याकडची वेल युरोपातल्यासारखी थंडीत झोपत नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा कात्री लावावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते ती काडी तयार होण्यासाठी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते ती फळासाठी. ऑक्टोबरनंतर आभाळ भरून आलं की डावण्या रोगाच्या भीतीनं घरात कुणाला झोप लागायची नाही.

सोव्हिएत रशियाशी मिग-21चा करार झाला 1962 साली. त्याच वर्षाच्या अखेरीस यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि 1963 साली नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. ओझरला कारखाना आला याचं श्रेय आमच्याकडचे लोक आजही त्यांनाच देतात. 1964 साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सची स्थापना झाली आणि हा कारखाना तिचा भाग बनला. मिग-21, मग मिग-27, नंतर सुखोई-30 अशी विमानं इथून आकाशात गेली.

कारखान्यानं ओझरला टाउनशिप दिली, शाळा दिल्या, दूरच्या राज्यांतून आलेले शेजारी दिले. सकाळी नाशिकहून कामगारांनी भरलेल्या बस इकडे यायच्या. पण शेतकऱ्याच्या घराला त्याहून मोठी गोष्ट मिळाली, ती म्हणजे ठरल्या तारखेचा पगार. द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि एका गारपिटीत जातो. घरातला एक जण नोकरीला असला की बागेला धीर असायचा. आमच्या मांडवाचे अँगल आणि तारा माझ्या पगारातूनच आल्या. पहिल्या पाळीहून सुटलो की मी सरळ बागेत जायचो. आमच्या पिढीतल्या कित्येकांचं आयुष्य असं अर्धं हँगरमध्ये आणि अर्धं मांडवाखाली गेलं, आणि ते भरभरून गेलं.

तरीही बाग किंवा कारखाना यांपैकी एकानंही गावाला जे शिकवलं नव्हतं, ते पाण्यानं शिकवलं. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्याचं शेपूट ओझरला येतं. वरच्या गावांचं भिजवून झालं की शेपटाला काय उरणार? कागदावर आमची जमीन ओलिताखाली होती, चारी मात्र कोरडीच असायची. तेव्हा बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं शेतकऱ्यांना एकत्र केलं. 1990-91च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाटबंधारे खात्यानं पाणी मोजून संस्थेच्या ताब्यात द्यायचं आणि संस्थेनं ते सभासदांना तासांवर वाटायचं, अशी रीत ठरली. नाल्यांवर बंधारे घालून त्यांत कालव्याचं पाणी जिरवलं, तेव्हा आसपासच्या विहिरींना पाणी आलं. वडिलांना स्वतःची पाळी संपल्यावर चारीचं दार बंद करून पुढच्याकडे निरोप धाडताना मी पाहिलं आहे. पुढचा माणूस भावकीतल्या भांडणातला असला तरी निरोप जायचाच. पुढे वाघाडचा सगळा प्रकल्पच शेतकऱ्यांनी चालवायला घेतला. राज्यानं 2005 साली सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला, त्याच्या आधी कितीतरी वर्षं ओझरनं तो व्यवहार प्रत्यक्षात आणला होता, याचा मला अभिमान आहे.

वाइन आली ती त्यानंतर. 2001 साली सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं. आमच्याच निफाड तालुक्यात विंचूरला वाइन पार्क झालं आणि शेनिन ब्लाँ, शिराझ ही नावं आमच्या पारावर रुळली. वाइनचा मणी बारीक, बियांचा, जाड सालीचा असतो. बाजारात तो खायला कुणी घेत नाही, त्याला गिऱ्हाईक एकच, वायनरी. 2008च्या मंदीनंतर आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर मागणी कोसळली, तेव्हा शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटल्या. आमच्या शेजारच्या बांधावरही कुऱ्हाड चालली. वायनऱ्या सावरल्या, पर्यटक वाढले, पण आमच्याकडचा बहुतेक शेतकरी खाण्याच्या द्राक्षावरच राहिला.

आता प्रवासाची दिशा बदलली आहे. महामार्ग रुंद झाला, उड्डाणपूल झाले. सकाळी ओझरची पोरं सातपूर-अंबडच्या कंपन्यांत आणि नाशिकच्या कार्यालयांत जातात, रात्री झोपायला घरी येतात. ज्यांना नाशिकमध्ये फ्लॅट परवडत नाही ती कुटुंबं इथे येऊन राहतात. कारखान्याचंही युग पालटलं. 26 सप्टेंबर 2025 रोजी मिग-21 वायुदलातून निवृत्त झालं आणि त्यानंतर महिन्याच्या आतच ओझरमध्ये तयार झालेल्या तेजस मार्क-1एनं इथून उड्डाण केलं. गावाला नगरपरिषद आली, बागांच्या जागी प्लॉट पडले.

या वाढीविरुद्ध माझी तक्रार नाही. बाहेरून आलेल्या माणसांनीच हे गाव मोठं केलं आहे. पण नव्या कॉलनीत प्रत्येक जण आपापलं बोअर घेतो आणि जमिनीखालचं पाणी कुणीच मोजत नाही, हे मला सहन होत नाही. पाणी मोजून घ्यायचं, शेवटच्या माणसाची पाळी राखायची, बंधाऱ्यात जिरवायचं, हे सगळे नियम या गावानं स्वतः तयार केले आहेत आणि चालवून दाखवले आहेत. पाणीवापर संस्थांची माणसं अजून गावात आहेत, त्यांच्या नोंदवह्या आहेत. नगरपरिषदेनं त्यांना बोलवावं, प्रत्येक कॉलनीला पाण्याचा हिशोब ठेवायला लावावा आणि बांधकामाची परवानगी त्या हिशोबाला जोडावी. शेतकऱ्यांनी जे आपसांत ठरवून केलं, ते नागरिकांनाही करता येईल.