पाण्याखालचा मुलूख

रत्नागिरी जिल्हा व सावंतवाडी संस्थान यांचा साद्यंत वृत्तान्त देणारा मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड १८८० साली प्रसिद्ध झाला. बाणकोटपासून वेंगुर्ल्यापर्यंतची बंदरे, गलबतांची ये-जा, आयात-निर्यातीचे आकडे, खाड्यांची खोली, आणि गाबीत, खारवी, दालदी, भोई इत्यादी मच्छीमार जातींच्या चालीरीती, असे पुष्कळ काही त्यात त्या काळच्या साहेबी चिकाटीने नोंदलेले आहे. परंतु ज्या समुद्रावर किनाऱ्यावरच्या गावांचा योगक्षेम चालत असे, त्याचा तळ या दप्तरात येतो तो बहुतेक एकाच नात्याने, जहाजांच्या वाटेत आडवा येणारा खडक म्हणून. पाण्याखालीही एक मुलूख आहे आणि त्याची दखल घ्यावयास हवी, असे सरकारास वाटण्यास आणखी एक शतक जावे लागले. ती दखल घेतली गेली तीही मनाईहुकुमाच्या रूपाने. आणि त्या मुलखात उतरून तो डोळ्यांनी पाहण्याची विद्या कोकणात रुजली ती त्याहूनही अलीकडे. हे सारे घडले ते प्रामुख्याने मालवणच्या पाण्यात. मालवण आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडत असले, तरी १ मे १९८१ रोजी जिल्ह्याची वाटणी होईपर्यंत ते रत्नागिरीचाच एक तालुका होते. तेव्हा रत्नागिरीच्या नावाखाली हा इतिहास सांगण्यात कोणाचा हक्क बळकावला जातो असे मला वाटत नाही.

किनाऱ्यावरच्या माणसाला हा मुलूख अगदीच अपरिचित होता असे मात्र नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात समुद्र जितका वर चढतो तितकाच ओहोटीस दूर हटतो, आणि अशा वेळी उघड्या पडलेल्या खडपांवर बायका कालवे फोडण्यास बसतात. कवचाच्या नेमक्या सांध्यात हत्याराचे टोक घालून, आतला जीव न फाटता बाहेर काढण्याचे त्यांचे कसब पाहात राहावे असे असते. शिनाणे काढणारे पुरुष त्याहून पुढे, गळाभर पाण्यात, बुडी मारून खडक चाचपतात. परंतु या साऱ्यांची पाण्याखालची सत्ता एका श्वासापुरती होती.

शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, तोही पाण्यातल्या खडकांचा विचार करूनच. तटाच्या पायात शिसे ओतल्याची गोष्ट कोकणातले शाळकरी पोरही सांगते. मला तटापेक्षा त्याच्या भोवतीचे पाण्यात दडलेले खडक अधिक महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांच्यामधून जाणारी वाट ठाऊक असल्यावाचून शत्रूचे जहाज किल्ल्याजवळ येऊ धजत नसे. अर्थात खडकांचे संरक्षणही सर्वकाळ पुरे पडले नाही. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्यास फोर्ट ऑगस्टस असे बादशाही थाटाचे नाव ठेवले. तो त्यांनी लवकरच करवीरकरांस परत दिला, आणि १८१२ च्या तहाने मालवण पुन्हा, या वेळी कायमचे, कंपनी सरकारच्या अंमलाखाली गेले. उत्तरेस विजयदुर्गाच्या समोर तर पाण्याखाली दगडांची एक भिंतच आहे, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्यात उतरून तिची पाहणीही केलेली आहे. ती किती माणसाने रचली आणि किती निसर्गाने, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. लक्षात ठेवावयाचे ते इतकेच की, ज्या खडकांनी आरमाराला आडोसा दिला, आणि पुढे आगबोटींच्या कप्तानांनी ज्यांना शिव्या घातल्या, त्याच खडकांवर प्रवाळांची वस्ती होती, आणि ती कोणाच्या गावीही नव्हती.

गावी होती ती मासळी. तिच्याभोवती या किनाऱ्याने जी व्यवस्था उभी केली तिचे नाव रापण. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहून झाला, पाणी निवळू लागले, की रापणकर किनाऱ्यावर जमतात. अनुभवी नजरेचा एखादा वृद्ध पाण्याचा बदललेला रंग आणि वर घिरट्या घालणारे पक्षी पाहून थव्याचा अंदाज घेतो. त्याने इशारा केला की होडी जाळे सोडीत अर्धवर्तुळाकार फेरी घेऊन पुन्हा किनाऱ्यास लागते, आणि मग जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या दोरांवर माणसांच्या दोन रांगा अंग मागे झोकून उभ्या राहतात. मागे सरकत सरकत रांगेच्या शेवटास पोचलेला माणूस दोर सोडतो आणि पाण्याच्या कडेला येऊन पुन्हा पहिला होतो. हे तासन् तास चालते. जाळ्याचा मधला झोळ वाळूवर आला म्हणजे आत बांगडा असो, तारली असो की नुसता कचरा असो, त्याचे वाटे पडतात. जाळे ज्यांचे त्यांचा वाटा, होडीचा वाटा, आणि ज्याने दोराला हात लावला त्याचाही वाटा. दोर ओढण्यास आलेल्याला रिकाम्या हाती परत पाठवणे हे गावाच्या रीतीत बसत नसे.

या व्यवस्थेस पर्यावरणशास्त्राचे प्राचीन ज्ञान म्हणून डोक्यावर घेण्याची हल्ली चाल आहे. ती मला अतिशयोक्तीची वाटते. रापणीच्या जाळ्यात लहान पिलेही येतात, आणि रापणकर खोल समुद्रात जात नव्हता तो वैराग्यामुळे नव्हे, त्याची होडी तेथवर पोचत नव्हती म्हणून. पावसाळ्यात तो मासे मारीत नव्हता, कारण दर्याच त्यास मारील हे तो जाणून होता. तथापि परिणाम पाहिला तर हे मान्य करावेच लागते की, मासळीच्या प्रजननाचे महिने तिला निर्वेध मिळत, आणि जे मिळे ते पुष्कळांच्या चुलीपर्यंत पोचे.

स्वातंत्र्योत्तर काळात यंत्राची नौका आली, तिच्यापाठोपाठ तळ खरवडीत नेणारे ट्रॉलरचे जाळे आले, आणि हा समतोल मोडला. गोव्यात १९७० नंतरच्या दशकात रापणकारांनी उभारलेला लढा सर्वश्रुत आहे. मालवणच्या किनाऱ्यावरही पारंपरिक मच्छीमार आणि ट्रॉलरवाले यांचे वैर तेव्हापासून धुमसत राहिले. त्याचे फलित म्हणजे १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम. जून-जुलैतली मासेमारीबंदी कायद्याने ठरली, म्हणजे जी गोष्ट पूर्वी वादळ करीत असे ती आता राजपत्राने करावयाची झाली.

याच सुमारास समुद्राकडे पाहणारी आणखी एक नजर रत्नागिरीत तयार होत होती. १९५८ साली तेथे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याच्या संग्रहालयातला देवमाशाचा अजस्र सांगाडा पाहून डोळे विस्फारलेली मुले रत्नागिरीत पिढ्यान् पिढ्या सापडतील. १९८१ मध्ये शिरगावला मत्स्य महाविद्यालय निघाले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९७९ मध्ये, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या डॉ. कासीम व डॉ. वाफर यांनी एक छोटासा निबंध प्रसिद्ध करून पश्चिम किनाऱ्यावर, रत्नागिरी आणि मालवण येथेही, जिवंत प्रवाळ असल्याचे नोंदवले. लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचे आखात आणि कच्छ सोडून अन्यत्र प्रवाळ शोधण्याची रीत नव्हती. नद्यांचा गाळ, पावसाळ्यात उतरणारी समुद्राची क्षारता, गढूळ पाणी अशा प्रतिकूलतेत हा नाजूक जीव येथे तग धरून आहे, ही वार्ता शास्त्रज्ञांस नवलाची वाटली. मच्छीमारास तो जाळे फाडणारा दगड म्हणून केव्हाचाच ठाऊक होता.

त्यानंतर १३ एप्रिल १९८७ रोजी शासनाने अधिसूचना काढून मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर केले. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचे सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आले, त्यातले तीन चौरस किलोमीटरांहून किंचित अधिक गाभ्याचे क्षेत्र ठरले. हेतू निर्विवाद उत्तम. पण ज्यांचे दोर त्या वाळूवर पिढ्यान् पिढ्या ओढले गेले होते त्यांच्या मनात पहिला प्रश्न उठला तो आपल्या हक्काचा. जंगलात हद्दीचे दगड रोवता येतात, समुद्रात रेषा कोठे आखावी? ती ओलांडली हे कोणी पाहावे? मच्छीमारांनी विरोध केला, वनखात्याजवळ समुद्रात गस्त घालण्यास ना पुरेशा नौका होत्या ना पाण्याखाली उतरणारी माणसे, आणि अभयारण्य बरीच वर्षे मुख्यत्वे कागदावरच राहिले.

त्याला पाण्यात उतरवले ते श्वासाचे यंत्र घेऊन आलेल्या लोकांनी. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी पाठीवरच्या नळकांड्यातली हवा लागेल तेवढीच तोंडात सोडणारे साधन सिद्ध केले. त्याचा शौक म्हणून प्रसार होऊन ते हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर पोचण्यास अर्धे शतक लागले. २०११ नंतर संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा व जागतिक पर्यावरण निधीचा प्रकल्प सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर सुरू झाला आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षामार्फत चालला. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेपटीस लहान मासळी निसटून जाईल अशी ४० मिलिमीटरची चौकोनी आस बसवण्याचा प्रयोग त्यातला. खाडीत खेकडे पाळण्याचा उद्योग त्यातला. आणि गावच्या तरुणांना पाणबुड्याची विद्या शिकवण्याचा उपक्रमही त्यातलाच. पुढे राज्य पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीस स्कूबा डायव्हिंगची संस्थाच काढली.

या शाळेचा दिनक्रम दर्याच्या वेळापत्रकाने ठरतो. दुपारी खारा वारा सुटला की पाणी खवळते, म्हणून उतरावयाचे ते सकाळी. त्याआधी सिलिंडर भरून तयार हवेत. कॉम्प्रेसरला हवा घेणारी नळी यंत्राच्या धुरापासून दूर आहे ना, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे, कारण त्या धुराची बाधा वर जाणवत नाही, खाली जाणवते. काट्याने २०० बारचा दाब दाखवला की झडप बंद. विद्यार्थी प्रथम खोल तलावात शिकतो आणि मगच समुद्रात जातो. नाक चिमटीत धरून कानातला दाब सारखा करणे, काचेत शिरलेले पाणी नाकाने फुंकून काढणे आणि कोणत्याही परिस्थितीत श्वास न कोंडणे, हे त्याचे मुळाक्षरांचे धडे. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेथे छातीत भरलेली हवा कोंडून जो वर येईल त्याची फुप्फुसे ती पसरणारी हवा सोसणार नाहीत. पाण्याखाली बोली नाही, खुणा आहेत. ‘सर्व ठीक’ म्हणून नवशिका उत्साहाने अंगठा वर करतो, आणि त्या खुणेचा तेथला अर्थ ‘वर चला’ असा असल्याने गुरू त्यास निमूटपणे पृष्ठभागावर आणून सोडतो. परत आल्यावर सारी सामग्री गोड्या पाण्यात बुचकळून वाळत घालावयाची, कारण खाऱ्या पाण्याइतका सावकाश आणि खात्रीने पितळ खाणारा शत्रू नाही. पावसाळ्यात हे सारे बंद असते.

या धंद्याने जे केले ते अधिसूचनेस साधले नव्हते. ज्याच्या बापाने त्या खडकावर जाळे फाडून घेतले, तोच मुलगा पाहुण्याचा हात धरून तोच खडक दाखवू लागला. खडकाच्या फटीतली शेवंड पकडून एकदा विकण्यापेक्षा दहा वेळा दाखवणे परवडते, हा हिशोब त्याला कोणत्याही व्याख्यानावाचून कळला. प्रवाळात अडकलेले तुटके जाळे सोडवावयाचे झाले तर तेथे जाऊ शकेल असा माणूस आता गावातच होता.

परंतु हिशोबाची दुसरी बाजूही आहे. शाळा एक, आणि तिच्याभोवती झपाट्याने वाढलेला झटपट बुडीचा बाजार निराळा. पाण्यात कधी न उतरलेल्या माणसाला थोडक्या सूचना देऊन प्रवाळावर नेऊन उभे करावयाचे, छायाचित्र काढावयाचे आणि पुढचे गिऱ्हाईक घ्यावयाचे, अशी त्याची रीत. मासे गोळा व्हावेत म्हणून पाव-बिस्किटांचा चुरा सोडतात. होडीचा नांगर जिवंत प्रवाळावर टाकतात. पाहुण्याची पावले शतकभर वाढलेल्या वसाहतीवर पडतात. गोव्याच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मालवण अभयारण्यातल्या प्रवाळांची या पर्यटनाने चालवलेली मोडतोड सविस्तर मांडली आहे. समुद्र तापल्याने प्रवाळ पांढरे पडण्याचे संकट तिथे आधीच होते. मे २०२२ मध्ये पर्यटकांची होडी तारकर्लीजवळ उलटून दोघांचा जीव गेला, तेव्हा काही दिवस नियमांची चर्चा झाली. आता नौदलाची जानेवारी २०२४ मध्ये सेवामुक्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवतीच्या खडकांजवळ बुडवून तेथे नवे आकर्षण निर्माण करण्याची योजना आहे. तिने जुन्या खडकांवरचा भार हलका झाला तर चांगलेच. पण गर्दी वाटली जाईल की दुप्पट होईल, हे नौका बुडाल्याने ठरणार नाही.

जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास, वेळासला, समुद्री कासवांची अंडी गोळा करणाऱ्या गावाने २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेबरोबर तीच अंडी राखावयास सुरुवात केली, आणि तेथे पाहुण्याने किती अंतरावरून पाहावयाचे हे गाव सांगते. मालवणात तो अधिकार अजून कोणाकडेच नीट नाही. माझे स्पष्ट मत असे की, तो वनखात्याने आपल्या कचेरीत न ठेवता रापणकर आणि पाणबुडे यांच्या हाती, लेखी आणि दंड करण्याच्या मुभेसह द्यावा, आणि गाभ्याच्या क्षेत्रात नांगर टाकण्याची गरजच उरू नये म्हणून कायमची बोयरी बसवावीत. तोवर वाचकाने मालवणास गेल्यावर होडीत पाय ठेवण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: नांगर कोठे टाकणार, आणि खाली पाव नेणार का? उत्तर समाधानकारक नसेल तर दुसरी होडी पाहावी. किनाऱ्यावर होड्या पुष्कळ आहेत.