वॉरंटीचा स्टिकर आणि लॅपटॉपची डिस्क

लॅपटॉप उलटा करून पाहिलात तर बुडाच्या एखाद्या स्क्रूवर चिकटवलेला नखाएवढा स्टिकर कधीतरी दिसला असेल. हा काढलात तर वॉरंटी गेली, असा दम त्यावर छापलेला असतो. या एवढ्याशा कागदाला भलीभली माणसं घाबरतात. लॅपटॉप रखडत चालतो, डिस्क बदलली तर पळेल हे ठाऊक असतं, नव्या डिस्कचे पैसेही खिशात असतात. पण वॉरंटी संपेपर्यंत मंडळी तशीच चडफडत काम करत राहतात. मी राहतो त्या अमेरिकेत या स्टिकरला कायद्याने काडीचीही किंमत नाही. ती का नाही, याची गोष्ट मोठी गमतीची आहे, आणि ती सुरू होते हार्ड डिस्कचा जन्म होण्याच्या वीस वर्षं आधी.

पण आधी डिस्क मंद का, ते पाहू. लॅपटॉपमधली नेहमीची फिरती डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. ते हेड मुळात योग्य वर्तुळावर न्यायलाच आणखी दहा-बारा लागतात. गोळाबेरीज सोळा-सतरा मिलिसेकंद. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेल्या फायली वाचायच्या तर सेकंदाला जेमतेम साठ. आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो फायली लागतात! प्रोसेसर बिचारा रांगेत उभा. पूर्वी तर कित्येक लॅपटॉपांत ४२०० फेऱ्यांची डिस्क असे. ती काढून ७२०० ची टाकली तरी अर्ध्या फेरीचा वेळ सातवरून चारवर येतो, इतकंच. उलट एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे तिथे हेच काम एका मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होतं. जुन्या यंत्रावर इतक्या कमी पैशांत इतका फरक पाडणारा दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

आता गोष्ट. १९३० च्या दशकात हिशेबाची मोठी यंत्रं आयबीएम बनवी, पण विकत नसे, भाड्याने देई. माहिती भरायची ती भोकं पाडलेल्या जाड कागदी कार्डांवर. भाडेकरारात एक अट होती: कार्डं आमचीच वापरायची, दुसऱ्या कोणाची वापरलीत तर करार रद्द. वर्षाला तीन अब्ज कार्डं आयबीएम विकत होती, तेव्हा ही अट का होती हे सांगायला नको. सरकारने खटला भरला. आयबीएमचं म्हणणं असं, की कार्डाची जाडी थोडी चुकली किंवा कागदात कोळशाचा एखादा कण राहिला तर विजेचा भलताच संपर्क होतो आणि उत्तर चुकतं. नाव मात्र आमच्या यंत्राचं खराब होतं.

(ओळखीचं वाटतंय ना? बाहेरची डिस्क टाकली तर यंत्राचा भरवसा देता येत नाही, हे आजचं वाक्य नव्वद वर्षांपूर्वीच्या याच युक्तिवादाचा नातू आहे.)

१९३६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. चांगली कार्डं दुसरे कारखानदारही बनवू शकतात. खुद्द सरकारी खाती थोडं जास्त भाडं भरून स्वतःची कार्डं वापरतच होती आणि यंत्रं व्यवस्थित चालत होती. कार्ड कसं असावं हे कंपनीने जरूर सांगावं, खराब कार्डांबद्दल बजावावं. पण आमचंच घ्या ही सक्ती करता येणार नाही. माझ्या मते या निकालातला हा फरक फार मोलाचा आहे: माप सांगणं वेगळं आणि दुकान ठरवून देणं वेगळं.

पुढे १९५६ साली दोन गोष्टी घडल्या. जानेवारीत आयबीएमने सरकारशी तडजोड केली, तिच्यात यंत्रं भाड्याबरोबरच विकायलाही ठेवायची आणि बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग व माहिती द्यायची, असं कबूल करावं लागलं. आणि सप्टेंबरात त्याच कंपनीने जगातली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनावर, मिनिटाला १२०० फेऱ्या, आणि त्यात मावणार पन्नास लाख अक्षरं. आज फोनमधल्या एका फोटोला ती पुरणार नाही. असो.

हे सगळं मोठ्या कंपन्यांच्या आपसातलं. तुमच्याआमच्यासारख्या गिऱ्हाइकापर्यंत ते यायला १९७५ उजाडलं. त्या काळी मोटारी आणि घरगुती यंत्रांच्या वॉरंटीबद्दल अमेरिकेत तक्रारींचा पाऊस पडत होता. ठळक अक्षरात दिलेलं सगळं बारीक अक्षरात काढून घ्यायचं, ही रीत झाली होती. सिनेटर वॉरन मॅग्नसन आणि काँग्रेसमन जॉन मॉस यांच्या नावाने ओळखला जाणारा वॉरंटी कायदा ४ जानेवारी १९७५ रोजी अध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने झाला. त्यात वॉरंटी द्याच अशी सक्ती नाही. पण दिलीत, तर ती अमुक ब्रँडचाच भाग किंवा अमुक ठिकाणचीच दुरुस्ती यांवर अवलंबून ठेवता येत नाही. तो भाग किंवा ती दुरुस्ती तुम्ही फुकट देणार असाल, किंवा दुसऱ्या भागाने यंत्र चालतच नाही हे फेडरल ट्रेड कमिशनला पटवून सूट मिळवली असेल, तरच गोष्ट वेगळी. बाहेरच्या भागामुळेच बिघाड झाला असेल तर त्या बिघाडाची भरपाई कंपनीने नाकारावी, पण तसं दाखवून देणं तिच्याकडे. डिस्क बदलली म्हणून पडद्याची वॉरंटी जात नाही. डिस्क बदलताना तुम्ही पेचकस घसरवून बोर्ड ओरबाडलात, तर मात्र तो खर्च तुमचा. आणि ते रास्तच आहे.

मग स्टिकर कसे टिकले? कायदा पुस्तकात राहिला आणि गिऱ्हाईक पुस्तक वाचत नाही, म्हणून. तब्बल त्रेचाळीस वर्षांनी, एप्रिल २०१८ मध्ये, ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना ताकीद दिली: एसस, एचटीसी, ह्युंदाई, मायक्रोसॉफ्ट, निन्टेंडो आणि सोनी. यातला सोनीचा मासला पाहण्यासारखा. त्यांच्या प्लेस्टेशन ४ ची हार्ड डिस्क मालकाने स्वतः बदलावी म्हणून कंपनीनेच कृती दिली होती, आणि त्याच खोक्यावर दुसरीकडे, सील तुटलं तर वॉरंटी नाही, हेही होतं! जुलै २०२४ मध्ये पुन्हा पत्रं गेली. त्यांत एएसरॉक, गिगाबाइट आणि झोटॅक यांना स्टिकरबद्दलच समज होती.

व्यवहारात काय होतं, तेही सांगतो. माझ्या लॅपटॉपची डिस्क बदलण्याआधी मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. पलीकडच्या मुलाने पाठ केल्यासारखं सांगितलं, की वॉरंटी जाईल. मी शांतपणे विचारलं, वॉरंटीच्या कागदात कुठल्या ओळीत लिहिलंय? दहा मिनिटं संगीत ऐकवून झाल्यावर त्याचे साहेब आले आणि म्हणाले, नव्या डिस्कची जबाबदारी आमची नाही, बाकीची आहे. मला एवढंच हवं होतं. तेव्हापासूनची माझी पद्धत अशी: जुनी डिस्क पुसून टाकायची नाही, तिची नक्कल नव्या डिस्कवर करून घ्यायची आणि मूळ डिस्क स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या पिशवीत बिलासकट जपून ठेवायची. लॅपटॉप दुरुस्तीला पाठवायचा झाला तर जुनी परत बसवून पाठवायची. वाद उद्भवतच नाही, शिवाय आपली सगळी माहिती परक्या टेबलावर जात नाही. नव्या डिस्कला तिच्या कारखानदाराची स्वतंत्र वॉरंटी असतेच. लॅपटॉपबरोबर आलेल्या डिस्कचं मात्र तसं नाही. ती बिघडली तर बहुधा डिस्कवाला लॅपटॉपवाल्याकडे बोट दाखवतो, म्हणून ती मूळ यंत्रापासून तोडून विकून टाकू नये.

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं, आम्हाला लॅमिंग्टन रोडवर याचा काय उपयोग? इथल्या त्या कलमासारखं थेट कलम भारतात नाही, हे खरं. पण वारा त्याच दिशेचा आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुट्या भागांच्या अडवणुकीबद्दल अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, आणि बाहेरच्या गॅरेजात गाडी नेली एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करू नका असंही बजावलं. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली. तिच्यापुढच्या विषयांत मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूही होत्या.

कायद्याची खरी फट मात्र निराळीच आहे, आणि ती अमेरिकेतही तशीच आहे. डिस्क बदलली म्हणून शिक्षा करू नका असं कायदा म्हणतो. बदलता येईल अशी बनवा असं म्हणत नाही. एकेकाळी थिंकपॅडच्या टी४० मालिकेत कडेचा एक स्क्रू काढला की डिस्क ड्रॉवरसारखी हातात येई, आणि खोलायची पूर्ण कृती कंपनी स्वतः छापून देई. २००६ च्या मॅकबुकमध्ये बॅटरी काढली की डिस्क समोर. मग २०१६ च्या टचबारवाल्या मॅकबुक प्रोमध्ये साठवणीच्या चिप्स थेट बोर्डावर सोल्डर झाल्या. आता तिथे ना स्टिकर लागतो ना दम. यात जाडी कमी होते हे मान्य. पण खरेदीच्या दिवशी स्वस्तातली लहान साठवण घेतली की यंत्र असेपर्यंत तीच, आणि बोर्ड गेला की आतले फोटोही गेले, हेही तितकंच खरं. म्हणून नवा लॅपटॉप घेताना दुकानदाराला रंग-वजन विचारून झालं की एक प्रश्न जरूर विचारा: साठवण बोर्डाला सोल्डर केलेली आहे, की एम.टू खाचेत बसवलेली? त्याला सांगता आलं नाही, तर त्या मॉडेलची दुरुस्तीची पुस्तिका उघडून बघा. ती मिळालीच नाही, तर दुसरं मॉडेल बघा.